सहावे भोक

१९६३ साली कॉलेजातल्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली, आणि दोन वर्षांनी मीही खाकी कपडे चढवून चांदमारीच्या मैदानावर पालथा पडलो. हाती पॉइंट टू-टूची रायफल, समोर २५ यार्डांवर कागदी लक्ष्य आणि प्रत्येकाला मोजून पाच गोळ्या. श्वास अर्धा सोडायचा, रोखायचा आणि चाप हळूच मागे घ्यायचा, असे हवालदारसाहेबांनी बजावले होते. चार गोळ्या तशा सुटल्या. पाचवीला मात्र मी डोळे मिटले आणि चाप हिसकला.

लक्ष्य पाहतो तो भोके सहा! पाच एका वाटीखाली झाकतील अशी, सहावे दूर कोपऱ्यात. शेजारच्या मित्राच्या लक्ष्यावर चारच.

“तुझी एक भरकटली,” कोपऱ्यातल्या भोकावर बोट ठेवून हवालदारसाहेब त्याला म्हणाले.

ते भोक माझे होते. त्याची गोळी माझ्या झुपक्यात बसली होती. मी गप्प राहिलो. संघात माझी निवड झाली. मित्राने पाठ थोपटली, वर चहाही पाजला. पुढे दर दिवाळीला त्याचे पत्र येई. उत्तरात लिहून टाकू, असे मी दर वेळी ठरवी. तो गेला, तरी ते लिहायचे राहिलेच.

२०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंनी रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून माझ्या नातीने नेमबाजीचा ध्यास घेतला आहे. तिच्याकडे यंत्रच पडद्यावर गुण दाखवते. परवा गंमत म्हणून ट्रंकेतली कोरी राहिलेली जुनी लक्ष्ये घेऊन मी तिच्या सरावाला गेलो.

“आजोबा, केवढं मोठं हे! आमचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो!”

ती आणि तिची मैत्रीण शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सराव संपला. कागद अजून जागचे हललेही नव्हते, तोच नातीने हात वर केला.

“सर, माझा एक छर्रा तिच्या कागदावर गेला.”

“बरं,” सर म्हणाले. संपले. एवढेच होते ते!

घरी आल्यावर मी ट्रंकेच्या तळाचा पिवळा पडलेला कागद तिच्यापुढे ठेवला. तिने बोटाने भोके मोजली.

“गोळ्या पाच ना, आजोबा? मग भोकं सहा कशी?”

“बस इथे,” मी म्हणालो, “सांगतो.”