बसलेल्यांचे फोटो

लुई दागेरने 1838 साली पॅरिसमधल्या बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता गजबजलेला, घोडागाड्यांची ये-जा, पण चित्रात शुकशुकाट. प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ एका जागी कुणी उभंच राहिलं नाही. फक्त एक गृहस्थ बूट पॉलिश करून घेत थांबला होता. तो उमटला. फोटोत सापडलेला हा बहुधा पहिला माणूस. छायाचित्रणाच्या वर्गात हे चित्र पडद्यावर आलं की सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. माझं लक्ष गेलं ते त्याच्या पायाशी बसलेल्या दुसऱ्याकडे. त्याचे हात चालू होते, म्हणून तो पुसट. काम करवून घेणारा ठसठशीत आणि काम करणारा धूसर!

यंदा आम्हाला ‘प्रायोगिक तंत्रं’ हा विषय आहे. एकाच चौकटीवर दोन-तीन फोटो चढवणं, शटर उघडं असताना कॅमेरा हलवून रंगांचे फराटे ओढणं, हे सगळं करून झालं. मजा येते, पण लवकर ओसरते. असा फोटो बघणारा ‘कसा काढला?’ एवढंच विचारतो, ‘कुणाचा?’ असं विचारत नाही.

पिनहोल कॅमेऱ्यापाशी मात्र मी अडकले. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतून काळा रंगवायचा, शीतपेयाच्या कॅनच्या पातळ पत्र्याला सुईच्या टोकानं भोक पाडायचं, ते डब्यावर बसवायचं, वर काळ्या चिकटपट्टीचं झाकण. भोक साधारण 0.3 मिलिमीटर, समोर सहा सेंटिमीटरवर फोटोपेपर. अंतराला भोकाच्या व्यासानं भागलं की f/200. साध्या कॅमेऱ्यावरच्या f/16 च्या मानानं दीडशेपट कमी प्रकाश, आणि पेपर मुळातच मंद. लख्ख उन्हात अर्धा मिनिट पुरतं, सावलीत कित्येक मिनिटं. एका डब्यात एकच पेपर, त्यामुळे डबे पिशवीत घालून निघायचं आणि कुठं लावायचा हे आधी ठरवायचं.

पुण्याच्या मंडईत, फुलं विकणाऱ्या मावशींच्या समोरच्या कट्ट्यावर मी डबा ठेवला.

“काय गं, डब्यात काय आणलंस?”

“कॅमेरा आहे मावशी. थोडा वेळ हलू नका हं.”

“मी कुठं हलतीय? पहाटेपासनं हितंच हाय.”

लाल दिव्याखाली ट्रेमध्ये पेपर बुडवला की आधी काहीच नसतं, मग हळूहळू काळं-पांढरं उलटं चित्र वर येतं. ते स्कॅन करून सुलट केलं. मंडईत सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, पण फोटोत गिऱ्हाइकं नाहीत, हमाल नाहीत, माझ्यासारखे हिंडणारे नाहीत. नुसत्या बसलेल्या बायका, त्यांच्या टोपल्या, वजनकाटे. मावशींचे हात हार ओवत होते, ते धुक्यासारखे. चेहरा मात्र स्वच्छ. केशरी झेंडू काळपट पडलाय, कारण या पेपरला लाल रंग दिसत नाही. (म्हणून तर लाल दिव्यात काम करता येतं.)

दागेरच्या रस्त्यावर थांबायची चैन गिऱ्हाइकाची होती. मंडईत बसून राहणं हाच धंदा आहे. घाईत असलेल्यांची तिथं नोंदच होत नाही, आणि एरवी ज्यांच्याकडे आपण भाव विचारण्यापुरतं बघतो, तेवढेच उरतात. हे मी रचलेलं नव्हतं, त्या भोकाला दुसरं काही जमतच नाही.

दादासाहेब फाळक्यांनी याच्या उलट केलं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 मध्ये, कुंडीत वाटाणा पेरून ते रोज थोडंथोडं चित्रण करत गेले. त्यातून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट झाला आणि तो दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. कित्येक दिवस त्यांनी एका मिनिटात बसवले, माझा डबा मिनिटं एका चौकटीत बसवतो. साध्या डोळ्यांना न दिसणारं काही दोन्हीकडे दिसतं. तंत्राला मी आता एवढीच कसोटी लावते, आणि तिला रंगांचे फराटे उतरत नाहीत.

मावशींना प्रिंट नेऊन दिली. “एवढा मोकळा बाजार?” म्हणाल्या, “मग धंदा कुणाशी करायचा?”

एप्रिलचा शेवटचा रविवार जगभर पिनहोल छायाचित्रणाचा दिवस म्हणून पाळतात. घरात पत्र्याचा डबा रिकामा झाला असेल, तर तोवर भंगारात देऊ नका.