गांधीलमाशीचं पोळं : कुठलं काढायचं, कुठलं ठेवायचं



पाऊस सरला की आमच्या उत्तन-डोंगरी भागात पत्र्याखाली, खिडकीच्या सज्जाला, विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत गांधीलमाशीची पोळी दिसायला लागतात. दिसलं की काकडा पेटवायचा, ही जुनी रीत. माझं म्हणणं, आधी पोळं कुठं आहे ते बघा.

ही माशी मध करत नाही. लाकूड खरवडून, लाळेत कालवून कागदासारखं पोळं बांधते आणि पिल्लांना अळ्या भरवते. माझ्या पडवळाच्या मांडवावर ती पानोपान हिरवी अळी शोधत फिरते, सापडली की चावून गोळी करते आणि घेऊन जाते. वांग्यात शिरलेली अळी तिला मिळत नाही, पानावरची उघडी अळीच मिळते. त्यानं फवारणी सुटते असं नाही, पण हा बिनमजुरीचा गडी आहे. म्हणून बांधावरच्या करंजाचं पोळं मी ठेवलंय. फांदीला लाल फडकं बांधलंय, म्हणजे गवत कापणारा तिथं हात घालणार नाही.

दारावरचं, न्हाणीजवळचं, पोरं खेळतात तिथलं मात्र काढायचंच. माझ्या भावजयीला एकच डंख बसला होता. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. वेळेत इंजेक्शन मिळालं म्हणून निभावलं.

काढायचं कसं?

– पोळं तळहातापेक्षा लहान, घरं उघडी दिसणारी आणि हाताच्या उंचीवर असेल तरच आपण काढावं. शिडीवर चढून नाही. चेंडूसारखं झाकलेलं पोळं किंवा आग्या मोहोळ असेल तर हातच लावू नका, जाणकार माणूस बोलवा.
– अंधार पडल्यावर माश्या पोळ्यावर गप्प बसतात, तेव्हा जा. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला जाळी. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा.
– लिटरभर पाण्यात दोन चमचे भांड्याचा साबण. बाजूला उभं राहून लांबून धार मारा. भिजलेली माशी उडत नाही, गुदमरून पडते. शेतातलं औषध घराच्या छपराखाली नको.
– काकडा नकोच. वर पत्रा, बाजूला पेंढा आणि वायर.
– सकाळी पोळं बांबूनं पाडा, देठ खरवडा.

गांधीलमाशीचा काटा अंगात राहत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा चावते. आधी तिथून लांब व्हा, साबणानं धुवा, बर्फ लावा, बोटातली अंगठी काढा. चुना नको. ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली किंवा खूप डंख बसले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. 108 लावा. उत्तनहून भाईंदरला जायला गर्दीत किती वेळ लागतो, ते आपल्याला माहीतच आहे.

तुमच्या बांधावरचं पोळं तुम्ही ठेवता की काढता? कळवा.