पोळी रवा

साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे 1 जानेवारी 2011पासून गुरुजींची पुस्तकं कुणालाही छापता येतात, वाटता येतात, संगणकावर चढवता येतात. 1924 ते 1930 या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते, मुलांसाठी ‘विद्यार्थी’ मासिक काढत होते. इथे आजही त्यांच्या नावाशिवाय पान हलत नाही. तेव्हा जुनी पुस्तकं अंध वाचकांना ऐकता येतील अशी करायचं ठरलं, त्या वेळी सुरुवात कुणापासून, हा प्रश्नच आला नाही. वाद झाले ते नंतर, आणि तेही अनुस्वारावरून.

मी घरी बसून या पुस्तकांचं मुद्रितशोधन करते. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा एनव्हीडीएसारखा पडदावाचक त्यावर गप्प बसतो. ओसीआर त्या फोटोतून अक्षरं काढतं आणि मग आवाज फुटतो. पण पिवळ्या पडलेल्या कागदावर, शाई फुटलेल्या टायपात ओसीआर धचा घ करतं, भचा म, वचा ब, थचा य. जुन्या टायपातला ख म्हणजे तर शेजारी उभे केलेले र आणि वच. मग ‘खाली’चं ‘रवाली’ होतं.

‘रवाली’ सापडायला अडचण नाही. लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा शब्दकोश बसवला की तपासणी ताबडतोब लाल रेघ ओढते. या तपासणीमागचा हनस्पेल हा प्रोग्रॅम मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिलेला. तिथेही प्रत्ययावर प्रत्यय चढतात, म्हणून तो आपल्याला बराच मानवतो. तरी ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ असा डबे जोडलेला शब्द आला की तो बिचकतो आणि बरोबर शब्दाखाली रेघ ओढून मोकळा होतो. अशा रेघा पानभर दिसायला लागल्या, की खऱ्या चुकीवरूनही नजर घसरते.

खरा घोळ होतो तो रेघ न आलेल्या शब्दांत.

शोधायच्या आधीची कच्ची फाइल मुद्दाम धुळ्याच्या एका निवृत्त सरांकडे पाठवायची आमची पद्धत आहे. सर जन्मांध, कान तिखट. एकदा त्यांचा फोन आला, “ताई, हा पोळी-रवा कुठला पदार्थ?” पानावर ‘पोळी खा’ होतं. ओसीआरने खचा रव केला आणि ‘रवा’ हा शब्दकोशातला चांगला प्रतिष्ठित शब्द असल्याने तपासणीने त्याला सलाम ठोकून सोडून दिलं. विळ्याची ‘धार’ ‘घार’ होते, ताटातला ‘भात’ ‘मात’ होतो, ‘मरण’चं ‘भरण’ होतं. डोळस माणूस संदर्भाने मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो, त्याला कळतही नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र ते तसंच आदळतं. म्हणून आता लाल रेघा संपल्या की मी अशा संशयित जोड्या एकेक करून शोधते, आणि मग पान संगणकाच्याच आवाजात ऐकते. डोळा माफ करतो ते कान करत नाही.

काही चुका तर डोळ्यांना दिसणाऱ्याच नसतात. ‘दुःख’ हा शब्द पाहा. विसर्गाच्या जागी कळफलकावरचं अपूर्णविरामाचं चिन्ह पडलं तर पडद्यावर फरक जवळपास शून्य, पण यंत्राच्या लेखी शब्द तिथे तुटला. ते ‘दु’ म्हणतं, थबकतं, मग ‘ख’ म्हणतं. गुरुजींच्या पुस्तकात हा शब्द किती वेळा येत असेल ते सांगायला नको. ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एका तऱ्हेने शोधलं तर दुसरा सापडत नाही.

आता अनुस्वार. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकणारे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962चे. गुरुजींची ‘श्यामची आई’ 1935ची. त्या काळच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कां’, ‘घरांत’, ‘मुलें’ असंच असायचं. तपासणीला यातलं बरंच काही चुकीचं वाटतं. विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तक छापलं होतं तसंच उतरवतात, आणि ते मला पटतं. पण सरांचं म्हणणं वेगळं. पडदावाचकाचा आवाज तो अनुस्वार ठणठणीत उच्चारतो, आणि ‘घरांत’ ऐकलं की आजच्या कानाला एका घराची अनेक घरं होतात. शेवटी दोन प्रती ठेवायचं ठरलं, एक छापल्याबरहुकूम, दुसरी ऐकण्यासाठी. दुसरीत अनुस्वार सरसकट उडवता आले असते तर काम एका दुपारचं होतं. पण ‘डोळ्यांत पाणी’मधला अनुस्वार आजही हवाच. त्यामुळे प्रत्येक ‘-ांत’पाशी थांबून एक की अनेक, हे वाक्य वाचून ठरवावं लागतं. हे कुठलंही यंत्र माझ्याऐवजी करेल असं मला सध्या तरी वाटत नाही.

खान्देशातल्या लेखकांची पुस्तकं हातात आली की वेगळीच गंमत. पात्रं अहिराणीत बोलायला लागली की सगळं पान लाल. ‘तुना’ म्हणजे तुझा, त्याच्या जागी तपासणी ‘जुना’ सुचवते. ‘मना’ म्हणजे माझा, तो मात्र निमूट सोडते, कारण मराठीत मनाला हाक मारताना आपण तेच म्हणतो. असे शब्द मी माझ्या शब्दकोशात घालत जाते. सरांनी बजावलंय, “बोली सुधारू नका, आम्ही ती लहानपणापासून ऐकतो.”

हक्कातल्या पुस्तकांचीही वाट 2012च्या कायदादुरुस्तीने मोकळी केली आहे. अपंग वाचकांसाठी ती वाचता येतील अशा रूपात आणायला आता वेगळी परवानगी लागत नाही. पुढे अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच ठरला, 2014मध्ये. 24 ऑगस्ट 2016ला अशा वाचकांसाठीचं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. दारं उघडली, पण मराठी मजकूर शोधून द्यायला माणसं लागतातच. विकिस्रोतावर एकाने तपासलेलं पान पिवळं होतं आणि दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय हिरवं होत नाही. पिवळ्या पानांची रांग लांब आहे.

सध्या गाडी अडली आहे ती तळटीपांपाशी. टीप वाक्याच्या मधेच वाचावी, पानाअखेर की प्रकरणाच्या शेवटी? मी प्रकरणाच्या शेवटी म्हणते. सर म्हणतात, “तोवर मी विसरतो हो.” पुढचं प्रकरण त्यांच्याकडे दोन्ही तऱ्हांनी पाठवलंय.