चौथ्यांदा वाचू नकोस

नवेगाव बांध,
किंक्रांत

चि. मनू,


तुझं वेळापत्रक पोचलं. फोटो बोटांनी ताणून ताणून पाहिला. पहाटे चारला उठणं, रात्री साडेअकराला झोपणं, मध्ये जेवणाला वीस मिनिटं, आंघोळीला दहा. अगं, तुझे केस विंचरायलाच अर्धा तास जातो म्हणून तुझी आई वर्षानुवर्षं कुरकुरत आलीय! दुसरा फोटो बायोलॉजीच्या पुस्तकाचा. पिवळं पान, त्यावर गुलाबी, त्यावर हिरवं. न रंगवलेली ओळ शोधायला मला चष्मा पुसावा लागला. आणि खाली तुझा निरोप: ‘मामा, तिसऱ्यांदा वाचून झालं, तरी टेस्टमध्ये डोकं कोरं. बाबांचे पैसे वाया चालले.’

फोटो पाहून हसलो असतो. ते शेवटचं वाक्य मात्र काल दिवसभर डोक्यातून गेलं नाही. तिळगूळ द्यायला आलेल्यांशी मी नीट बोललोही नाही, असं तुझी मामी म्हणते. फोन करणार होतो, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करतेस आणि ठेवून देतेस. आईचं वळण! म्हणून हे पत्र. याला मध्ये ‘हो’ म्हणता येत नाही.

आधी भांडून घेतो. तीन वेळा वाचलंस ना, आता चौथ्यांदा वाचू नकोस. एवढं एकच ऐकलंस तरी बाकीचं पत्र फाडलंस तरी चालेल. तिसऱ्या वाचनाला पान ओळखीचं वाटतं, ओळखीचं वाटलं की हे आपल्याला येतंय असा भास होतो, आणि तो रंगीत पेन तर भासाला आणखी तेल घालतो. परीक्षेत पान समोर नसतं. तिथे रिकाम्या डोक्यातून काढून रिकाम्या कागदावर ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच तू महिनोन्‌महिने एकदाही केलेलं नाहीस. मग टेस्टमध्ये डोकं कोरं निघालं याचं नवल कसलं? जे कधी केलंच नाही ते त्या दिवशी कसं जमेल?

‘मामा, हे तुमचं नेहमीचं’ म्हणशील. आहेच नेहमीचं. शाळेत मी हेच सांगायचो, आणि मुलं मागे माझी नक्कल करायची, तेही मला माहीत आहे. पण आता याला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्री पाणमांजरांवरचा. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के आणि ७५ टक्के. तुझी फसगत होते ती इथेच, कारण तू स्वतःला पाच मिनिटांनीच विचारतेस. आठवड्यानंतर विचारलं तर दोनदा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं आणि लिहून काढणाऱ्यांकडे ५६. बोर्ड तुला पाच मिनिटांनी विचारत नाही ना?

आणि विसरायला होतं म्हणून ‘मी ढ आहे’ हे तू दिवाळीत म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नव्हतं. पाहुण्यांसमोर बोललो नाही, आता बोलतो. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये पुस्तक छापलं. निरर्थक अक्षरांच्या याद्यांवर याद्या तो पाठ करायचा आणि त्या पुन्हा बसवायला किती श्रम वाचतात ते मोजायचा. एका दिवसात त्याचं दोन तृतीयांश वाहून गेलं! तो काय ढ होता? धड्याला अर्थ असतो, म्हणून धडा इतक्या वेगाने जात नाही, पण जातो हे नक्की. जाऊ लागला की मध्ये एकदा ओढून आणायचा. ओढताना त्रास होतो, आणि त्या त्रासानेच तो पक्का होतो. आपल्या धानाचं बघ. पऱ्हे उपटून बांधीत रोवले की काही दिवस पिवळे पडतात, मान टाकतात. नवखा माणूस हाय खातो. तुझी आजी बांधावर बसून खुशाल सुपारी कातरायची, कारण खाली मूळ धरतंय हे तिला ठाऊक असायचं. तुला आठवताना जी तडफड होते ना, ती या पिवळेपणाची आहे. तिला घाबरून पुन्हा पुस्तक उघडतेस, म्हणजे रोवलेला पऱ्हा उपटूनच बघतेस.

तुझ्या बाबांची गोष्ट तू ऐकली आहेस, पण त्यातलं खरं मर्म तुला कुणी सांगितलं नसेल. दहावीला गणितात जे झालं ते झालं, त्यावर मी पुन्हा बोलणार नाही. पण मंडईच्या जत्रेतल्या नाटकात त्यांचा खलनायक बघायला लोक बोंडगावहून यायचे. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे रात्रभराचा मामला. एवढे संवाद कुठून पाठ झाले? वही घेऊन बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. वही तुझ्या आईच्या हातात, तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, आणि बाबा गोठ्यात वैरण टाकता टाकता बोलत सुटायचे. अडले की तुझी आई फक्त पहिला शब्द द्यायची. अख्खं वाक्य दिलं तर हेच तिच्यावर डाफरायचे, ‘काहून सांगतेस पूर्ण? मले आठवू दे ना!’ त्या गोठ्यात जे चालायचं ते मी बी.एड.ला शिकलो नाही. तो माणूस आता तुझी फी भरतो आणि तुला विचारतो, ‘बेटा, किती तास वाचलंस?’ त्यांना मी वेगळं झापणार आहे.

आणि तू स्वतः? लक्षात राहत नाही म्हणतेस. आठ वर्षांची होतीस, तलावाच्या पाळीवर माझ्या सायकलच्या दांडीवर बसून बदकं ओळखायचीस. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, अडई. नाव मी सांगायचो नाही. ‘हे कोण?’ विचारून गप्प बसायचो, तू ओठ चावायचीस, चुकायचीस, रागवायचीस, मग सांगायचीस. एका हिवाळ्यात सगळी पाठ झाली आणि मागच्या वर्षी तू ती हॉस्टेलच्या मैत्रिणींना दुरून ओळखून दाखवलीस. त्या नावांना कुठला पिवळा पेन लागला होता?

पाळीवरून आठवलं. चितमपल्ली साहेब इथे वनाधिकारी होते. कोईमतूरला वनविद्येचं शिक्षण पुरं करून आलेला माणूस, आणि इथे येऊन इथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांच्या मागे जंगलात हिंडायचा. परीक्षा कधीच संपली होती, तरी टिपणं लिहिण्याची सवय आयुष्यभर सुटली नाही. पुढे पक्षीकोश झाला, साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद झालं, २०२५ मध्ये पद्मश्री आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. माणूस पाहतो, घरी येतो आणि पाहिलेलं स्वतःच्या शब्दांत मांडतो. मी याच्यापुढे जाऊन म्हणतो की ज्ञान म्हणून जे काही असतं ते या मांडण्यातच तयार होतं, वाचण्यात नाही. आपल्या शाळा, कॉलेजं, गाइडं, सगळं वाचण्यावर उभं आहे. मास्तर फळ्यावर लिहितो, मुलगी वहीत उतरवते, परीक्षेच्या आदल्या रात्री वही पुन्हा वाचते, आणि या तिन्ही वेळा तिच्या डोक्याला कुणी काही विचारत नाही. अख्खा जिल्हा असा शिकतो आहे, आणि मग आम्ही म्हणतो पोरं हुशार नाहीत. जाऊ दे. मामी म्हणते मी भाषण देतो.

तुझ्या क्लासवाल्यांबद्दल मात्र बोलणारच. भिंतीवर ‘लातूर पॅटर्न’ लिहिलंय म्हणतेस. लातूरचं नाव झालं ते राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या ठिकाणी सराव परीक्षांवर सराव परीक्षा घेतल्या म्हणून. मुलाला लिहायला बसवायचं, लिहिलेलं तपासायचं, चुकलेलं पुन्हा लिहून घ्यायचं. त्यातही घोकंपट्टी झाली, मुलं पिळून निघाली, हे मी नाकारत नाही. पण आपल्याकडच्यांनी तिथून काय उचललं? बॅच, फी आणि चौदा तास. तपासण्याचा कंटाळा तेवढा आपला स्वतःचा! तुझ्या मागच्या टेस्टचा पेपर तुला परत मिळालाच नाही, नुसता आकडा मिळाला, हे वाचून माझं रक्त तापलं.

तर आता काय करायचं ते सांगतो. तुला सवय आहे म्हणून मी क्रमांक घालणार नाही. घातले की तू त्यांचंही वेळापत्रक करशील. एक धडा घे, वनस्पतींच्या प्रजननाचा पहिलाच घे. एकदा सावकाश वाच, पेन न घेता. पुस्तक बंद कर, दप्तरात टाक. पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, आकृतीसुद्धा. दहा ओळी आल्या तर दहा. मग पुस्तक काढ आणि राहिलेलं लाल शाईने भर. तो कागद ठेवून दे. तिसऱ्या दिवशी त्याच धड्यासाठी नवा कोरा कागद, मग आठवड्याने आणखी एक. लाल शाई कमी होत जाईल. किती तास बसलीस ते मला कळवू नकोस, लाल किती उरलं ते कळव.

फिजिक्सची गणितं एकाच धड्याची पन्नास सोडवू नकोस. रोटेशनल डायनॅमिक्सची दोन, विजेची दोन, प्रकाशाची दोन, अशी मिसळून सोडव. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये घनफळाची गणितं देऊन हे पाहिलं होतं. एकाच प्रकारची ओळीने सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर पहिले २० वर आले आणि दुसरे ६३ वर. कारण पेपरात कुणी सांगत नाही की हे गणित कुठल्या धड्याचं.

बोर्ड आणि नीट अशा दोन परीक्षा आहेत हेही विसरू नकोस. बोर्डाचा ७० गुणांचा पेपर हाताने लिहायचा आहे आणि तुझा हात आता फक्त गोल काळे करतो. घड्याळ लावून, हॉस्टेलच्या टेबलावर, सलग तीन तास एक जुनी प्रश्नपत्रिका दर रविवारी लिहून काढ. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हाती यायची, २०२३ पासून ते बंद करून ती दहा मिनिटं शेवटी देतात. म्हणजे पेपर चाळायचा वेळ तूच काढायचा. नीटचं गणित निराळं, १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि चुकलं की एक गुण कापला. तिथे ‘हे मला येत नाही’ असं लवकर कळणं, हीच निम्मी तयारी. आणि ते कळतं कोऱ्या कागदावरच. पुन्हा तिथेच आलो, बघ.

झोपेचं काय करणार आहेस? साडेअकरा ते चार म्हणजे साडेचार तास. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, तू त्याला ती फुरसतच देत नाहीस. आणि रात्री दोनला चहा करून प्यायलीस असं जे सहज लिहून गेलीस, ते रोजचं आहे का? तुझी रूममेट सुट्टीत आल्यावर तुझ्या आईला म्हणाली की मनू जेवायला खाली येत नाही. आईने ते मला सांगितलं, तुझ्या बाबांना नाही. वजन किती आहे आता? हात थरथरतो का? टेस्टच्या आधी पोटात दुखायचं ते कमी आहे की वाढलंय?

पैशांबद्दल ऐक. वाया चालले हे तुला कुणी म्हटलं? बाबा म्हणाले असतील तर तसं सांग, बाकी माझं काम. धानाच्या भावावरून आणि बोनसवरून त्यांचं खरेदी केंद्रावर रोज भांडण होतं, त्याचा राग घरी येतो, तो तुझ्यावरचा नाही. बारावीत मनासारखं नाही झालं तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, गुण वाढवायला श्रेणीसुधार आहे, नीट पुढच्या वर्षी परत देता येते. आमच्या वेळी ऑक्टोबरपर्यंत गावभर तोंड चुकवत फिरावं लागायचं. तुला डॉक्टर व्हायचंय की नाही, हेसुद्धा या दोन वर्षांत कुणी विचारलेलं नाही असं मला आता वाटायला लागलंय. मीही विचारलं नाही, पण ते परीक्षेनंतर. आत्ता नको.

‘डोकं कोरं’ म्हणतेस तेव्हा ते फक्त टेस्टमध्येच असतं ना? सकाळी उठायची इच्छा होत नाही, कशातच मन लागत नाही, असं काही असेल तर ते अभ्यासाच्या खात्यात टाकू नकोस. मला सांग, आईला सांग, वॉर्डनबाईंना सांग. रात्री दोनला सांगायचं असेल तर दोनला फोन कर, मी तसाही जागाच असतो. हे लिहून ठेवलंय म्हणजे नंतर ‘मामा झोपला असेल म्हणून केला नाही’ असं चालणार नाही.

रविवारी कोहमाऱ्याहून पहिल्या गाडीने निघतो, अकरापर्यंत हॉस्टेलच्या फाटकात असेन. मामीने चिवडा आणि तिळाच्या वड्या बांधल्यात, शिवाय शाळेतल्या पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे आणतोय. आपण बाहेर जेवू. तोवर एका धड्याचा कागद लिहून ठेव, किती लाल आहे ते मीच बघेन. आणि वॉर्डनबाईंचा नंबर आजच पाठव.

तुझा
मोठा मामा