रोल संपवायचे फोटो

"सर, स्वस्तातला पण चांगला रोल कोणता?"

आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीने परवा मला हा प्रश्न विचारला आणि माझी मोठी पंचाईत झाली. चित्रकलेच्या मास्तराला लोक काहीही विचारतात. गणपतीच्या मखराला कोणता रंग द्यावा, लग्नपत्रिकेवर मोर काढावा की कलश, असल्या प्रश्नांची मला सवय आहे. पण फोटोचा रोल! तिच्या हातात आजोबांच्या कपाटात सापडलेला एक जुना प्लॅस्टिकचा कॅमेरा होता आणि चेहऱ्यावर, खजिना सापडल्यावर माणसाचा होतो तसा भाव होता.

"अगं, घरोघर मोबाइल असताना हे कशाला?" मी विचारले.

"मोबाइलची जागा भरली की आई फोटो पुसून टाकते," ती म्हणाली. "यातले पुसता येत नाहीत ना, सर?"

मी "उद्या सांगतो" म्हणालो. ज्या प्रश्नाचे उत्तर अजिबात ठाऊक नसते किंवा फार ठाऊक असते, त्यालाच मास्तर "उद्या सांगतो" म्हणतो, असा माझा अनुभव आहे. त्या मुलीच्या बाबतीत दुसरी गोष्ट खरी होती. रोल कोणता घ्यावा या एका प्रश्नात आमच्या घराचा निम्मा इतिहास गुंतलेला आहे.

आमचे गाव पारनेर तालुक्यातले. या तालुक्यात पाऊस कमी आणि मुंबईला गेलेली माणसे जास्त. आमचे काकाही त्यांतलेच. दिवाळीला ते गावी येत, तेव्हा पिशवीत मुंबईचा मेवा, आजीला पातळ आणि गळ्यात अडकवलेला एक आगफा क्लिक-थ्री कॅमेरा असे. हा कॅमेरा बडोद्याला तयार होई, आणि त्या काळी आपल्याकडे कितीतरी घरांतला तो पहिला कॅमेरा होता. त्यात फिरवायचे असे फारसे काही नव्हते. ऊन असेल तर उन्हाच्या चित्रावर खटका न्यायचा, आभाळ असेल तर ढगाच्या. पाठीमागे एक लाल काचेची खिडकी, तीतून फोटोचा आकडा दिसायचा. रोलला फोटो बारा. बारा म्हणजे बारा. तेरावा मागून मिळत नसे.

रोल काळा-पांढरा असे. कधी पूर्व जर्मनीचा ओरवो, तर कधी आपला देशी इंदू. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता. 1960 साली कंपनी स्थापन झाली आणि 1967 साली उत्पादन सुरू झाले. डॉक्टर ज्या क्ष-किरण फिल्मवर मोडलेले हाड पाहतात, ती फिल्मही तिथे होई. पुढे रंगीत रोलांच्या रेट्यात आणि कर्जाच्या ओझ्याखाली तो कारखाना बसला. पण इंदू म्हणजे चंद्र, हे मला शाळेत कळण्याआधी रोलच्या डबीवरून कळले होते, एवढे त्याचे ऋण माझ्यावर आहे.

वर्षाला एक रोल आणि रोलला बारा फोटो, म्हणजे महिन्याला एक फोटो, असा हिशेब कोणी करील. तसे नव्हते. बाराही फोटो दिवाळीच्या चार दिवसांत काढले जात आणि प्रत्येक फोटो म्हणजे एक समारंभ असे. अण्णा टोपी झटकून घालीत. आई पदर तीनदा सारखा करी. आम्ही पोरे तेल चोपडलेल्या डोक्यांनी ओळीत उभी राहत असू आणि काका ओरडत, "हलू नका रे, फोटो वाया जाईल!" त्या भीतीने आम्ही असे ताठ होत असू की ते फोटो पाहिल्यावर वाटावे, या कुटुंबाला कोणीतरी अटक करून आणले आहे.

आजी मात्र फोटोला यायची नाही. "माझा कशाला काढता? एक फटू म्हंजी किती पैसं!" असे म्हणून ती उठून परसात जाई. बारांतला एक आपल्यावर खर्ची पडावा, एवढी आपली किंमत नाही, असे तिला मनापासून वाटे. आणि खरे सांगायचे तर आम्हीही फारसा आग्रह करीत नसू.

1995 च्या दिवाळीत काकांनी तो कॅमेरा ठेवून नवा आणला. छत्तीस फोटोंचा, रंगीत रोलाचा. त्याचा रोल आणायला अण्णा आणि मी एस.टी.ने नगरला गेलो. (2024 साली आमच्या जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर झाले, पण जुन्या आठवणीतली एस.टी. अजून नगरलाच जाते, त्याला माझा इलाज नाही.) कापड बाजारातली खरेदी आटोपून आम्ही फोटोच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने काचेवर तीन डब्या मांडल्या. एकीवर 100, दुसरीवर 200, तिसरीवर 400. मागे कोडॅक, फुजी, कोनिका असे पिवळे, हिरवे, निळे ढीग होते.

अण्णांनी ताबडतोब चारशेवर बोट ठेवले. आकडा मोठा म्हणजे माल कडक, हा त्यांचा जर्द्यावरून बसलेला समज होता.

दुकानदार हसला. त्या सद्गृहस्थाने मग जे सांगितले, ते मी आजवर विसरलो नाही. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण पसरलेले असतात, त्यांच्यावर उजेड पडला की चित्र उमटते. आकडा मोठा म्हणजे फिल्म उजेडाला जास्त हपापलेली, एवढाच अर्थ. शंभरापेक्षा दोनशेला निम्मा उजेड पुरतो, दोनशेपेक्षा चारशेला त्याच्या निम्मा. पण त्यासाठी कण मोठे लागतात. "गिरणीतल्या पिठासारखं आहे, पाव्हणं," तो म्हणाला. "शंभराचं दळण बारीक, चारशेचं भरड. आपल्याकडं ऊन काय कमी आहे? उन्हातल्या फोटोला शंभरही पुरतो. सकाळ, संध्याकाळ, ओसरी असं सगळं धरायचं असलं, तर दोनशे न्या. तुमच्या कॅमेऱ्यात फिरवायला काही नाही, तेव्हा थोडं ऊन जास्त झालं तरी रंगीत निगेटिव्ह ते पोटात घालतं. उजेड कमी पडला तर मात्र माफ करत नाही."

अण्णांनी दोन रोल घेतले. एक साधा, त्यातल्या त्यात स्वस्त, दिवाळीसाठी. दुसरा चांगला महागाचा, ताईच्या लग्नासाठी. ताईचे लग्न अजून ठरायचे होते. पण शंभराची नोट एकदा मोडलीच आहे, तर होऊन जाऊ द्या, असे त्यांनी ठरवले असावे.

महागाचा रोल अण्णांनी लोखंडी पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावले. स्वस्तातला कॅमेऱ्यात गेला आणि कॅमेरा माझ्या हाती आला.

ज्यांनी रोल वापरला आहे, त्यांना एक गोष्ट आठवेल. सगळा सण फोटोत भरला तरी शेवटी तीन-चार फोटो उरत. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकता येत नसे, आणि ते फोटो वाया घालवायला जीव होत नसे. मग घरातले कोणीतरी म्हणे, "संपव रे तो रोल काहीतरी काढून." हे 'काहीतरी' काय, हे कोणीच सांगत नसे.

त्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काका परत निघायचे होते आणि वाटेत नगरला रोल धुवायला टाकणार होते. कॅमेऱ्यात तीन फोटो उरले होते. एक मी गोठ्यातल्या म्हशीचा काढला. दुसरा ओसरीवर आरसा मांडीत धरून दाढी करणाऱ्या अण्णांचा. आणि तिसऱ्याला परसात गेलो, तर आजी बाजरी पाखडत होती. मी तिला हाक मारली. सूप तसेच हातात, दाणे अर्धे हवेत, तिने मान वर केली आणि म्हणाली, "आरं मेल्या, तिकडं हो, कोंडा जाईल डोळ्यात!" तेवढ्यात खटका दाबला गेला. कॅमेऱ्यातला आकडा सरकेना. रोल संपला होता.

फोटो आल्यावर अण्णा त्या तिन्हींवर रागावले. "म्हशीवर, दाढीवर आणि सुपावर पैसे घातलेस," म्हणाले.

पुढच्या पौषात आजी गेली. चार दिवसांचे निमित्त झाले. दहाव्याला फोटो ठेवायचा म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा आम्हाला कळले की आमच्या घरात म्हशीचा फोटो आहे आणि आजीचा तेवढाच एक, सुपाचा. घराने इतक्या वर्षांत बारा-बारा फोटो मोजून काढले, आणि जिच्या घरात आम्ही ते काढले, ती मात्र मोजणीत नव्हती.

अण्णा तो फोटो घेऊन नगरला गेले. मोठा करून, हाताने रंगवून आणला. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे त्या कलाकाराने सूप काढून टाकले होते, उडता कोंडा पुसला होता, उघडे तोंड मिटवले होते, पदर नीट केला होता आणि मागे निळा पडदा सोडला होता. मी आज चित्रकलेचा मास्तर आहे. कामात खोट काढणार नाही. हात सफाईचा होता. पण भिंतीवर जी बाई टांगली गेली, ती ताठ बसली होती आणि तिला कोणावर ओरडायचे नव्हते.

आणि तो महागाचा रोल? ताईचे लग्न दोन वर्षांनी झाले. तोवर रोल पत्र्याच्या घरात, लोखंडी पेटीत, दोन उन्हाळे भाजून निघाला होता. उष्णता हा फिल्मचा मोठा शत्रू, हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हते. फोटो आले ते तपकिरी, मळकट. ताईचा हिरवा शालू त्यांत ओल्या मातीच्या रंगाचा दिसतो. यात दोष दुकानाचा नव्हता आणि रोल करणाऱ्यांचाही नव्हता. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी राखून ठेवायची, ही आमच्या घराची जुनी खोड. पेटीतली पैठणीही तशीच घडीवर विरली.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या वर्षी दिवाळीची झाडलोट करताना मी आजीचा तो रंगवलेला फोटो पुसत होतो. अण्णा खाटेवरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सूप काढायला नको होतं रं."

मी माझ्या वहीत जपलेली मूळची छोटी प्रत त्यांच्या हातात दिली. तिच्यात सूप आहे, कोंडा आहे आणि उघडे तोंडही आहे. त्यांनी ती परत दिली नाही. उशीखाली ठेवली. मीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी उत्तर दिले. मास्तरकीप्रमाणे आधी कागदावर हिशेब मांडला. कोनिकाने 2006 साली फोटोचा धंदाच सोडला. कोडॅकने 2012 साली दिवाळखोरीचा अर्ज केला. पण त्यांची फिल्म पुन्हा उभी राहिली आणि आज मिळते. रंगीत हवा असेल तर कोडॅकचा कलरप्लस किंवा गोल्ड, दोन्ही दोनशेचे. त्या दिवशी जो स्वस्त मिळेल तो घे, तुझ्या कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच. त्या दुकानदाराचे गिरणीचे गणित अजून खरे आहे. काळा-पांढरा चालत असेल तर इंग्लंडचा केंटमियर किंवा चेक देशातला फोमा पाहा, ते बरेचदा स्वस्त पडतात. मुदत उलटलेला रोल स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. ताईचा शालू मी पाहिला आहे. चोवीसपेक्षा छत्तीस फोटोंचा घे, कारण रोल धुवायची मजुरी सहसा रोलामागे असते, फोटोमागे नसते. घेतलास की उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नकोस, आणि फार दिवस ठेवूच नकोस.

रोल आता हजार रुपयांच्या घरात जातो, धुणावळ वेगळी. मी माझे रोल पुण्याला पाठवतो. म्हणजे एक खटका तीस-चाळीस रुपयांना पडतो. आकडा ऐकून मुलगी गप्प झाली. तिच्या डोळ्यांत मला आमच्या ओळीतली ती तेल चोपडलेली पोरे दिसू लागली. हलू नका रे, फोटो वाया जाईल!

"म्हणूनच स्वस्तातला घ्यायचा," मी घाईने म्हणालो. "ज्या रोलचा एक फोटो म्हशीवर घालवताना हात कापत नाही, तो आपला रोल. आणि एक कर. पहिले चार फोटो 'रोल संपवायचे' समजून काढ. ते आधी उरकून टाक. सणाचे मागून काढ."

तिला किती कळले कोण जाणे. पण चार आठवड्यांचे खाऊचे पैसे आणि आजोबांनी घातलेली भर, असे जमवून तिने रोल आणला. मधल्या सुट्टीत माझ्याच टेबलापाशी तो कॅमेऱ्यात अडकवला. मी पोरांच्या पेन्सिलींना ब्लेडने टोके काढून ठेवत होतो. समोर कॅमेरा उचललेला पाहून मी ब्लेड खाली ठेवले, सदऱ्याची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसलो.

मुलीने कॅमेरा खाली घेतला.

"तसं नाही, सर," ती म्हणाली. "मघाशी बसला होतात ना, तसे बसा."

मी पुन्हा पेन्सिलीला टोक काढू लागलो.