जरा सरका की!

कोल्हापूरचे स्टेशन रुळांच्या शेवटी वसलेले आहे. मिरजेकडून आलेली गाडी इथे येते आणि थांबते. पुढे वाटच नाही. सह्याद्री उतरून कोकणात जाणाऱ्या लोहमार्गाच्या गोष्टी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत, पण आमच्या गावचे रूळ अजून भिंतीपाशीच संपतात. याचा आम्हां कोल्हापूरकरांना विषाद वाटत असेल असे कुणी समजू नये. उलट त्यामुळे आमच्या प्रवासाला एक संस्थानी ऐट आली आहे. इतर गावची माणसे गाडीची वाट पाहतात. इथे गाडीच फलाटावर उभी राहून माणसांची वाट पाहते. खिडकीतून बाकावर रुमाल टाकावा, चहा प्यावा, ओळखीच्या चार माणसांची विचारपूस करावी आणि शिटी झाली म्हणजे सावकाश आत शिरावे, ही आमची रीत.

या रुमालाचे शास्त्र एस.टी.त आणि पॅसेंजरमध्ये सारखेच चालते. रुमाल पडला की जागा धरली गेली. त्याला कायद्याचा आधार नाही, पण टॉवेल, पिशवी, वर्तमानपत्र, फार काय एखादी लहान मुलगीसुद्धा खिडकीतून आत सोडली, की त्या जागेवरचा हक्क सारा डबा मान्य करतो. मालक येईपर्यंत उभी माणसे त्या रुमालाकडे आदराने पाहत राहतात.

मराठी शिकवणाऱ्याला शब्द उलटून पाहण्याची खोड असते. आपल्या भाषेत 'जागा' या शब्दाइतका कष्टाळू शब्द क्वचितच असेल. बाकावर बसायची ती जागा, कचेरीत लागायची ती जागा, घर बांधायला घ्यायची तीही जागाच. तिन्ही ठिकाणी ती कमी असते आणि माणसे फार असतात. मध्यमवर्गीयाचे अर्धे आयुष्य पहिली जागा मिळवण्यात जाते आणि उरलेले अर्धे ती दुसऱ्याला न देण्यात.

योगायोग असा, की ज्या लोहमार्गाबद्दल मी लिहीत आहे, त्याच्या काठाने जागा देण्याचाच इतिहास पसरलेला आहे. कोल्हापूर–मिरज मार्ग संस्थानी अमदानीत, १८९१ साली सुरू झाला. तेव्हा तो मीटर गेज होता. रुंद रूळ पुढे १९७१ च्या सुमारास आले. आज आमचे स्टेशन ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढून, संस्थानच्या नोकऱ्यांत पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. आधीपासून बाक अडवून बसलेल्या मंडळींना 'जरा सरका' असे कुणीतरी अधिकाराने सांगण्याचाच तो प्रसंग होता. त्यावर किती कुरकुर झाली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

स्टेशन सोडले की लवकरच वळिवडे येते. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची, विशेषतः बायकामुलांची, इथे १९४३ ते १९४८ या काळात वसाहत होती. ते गेले आणि फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्याच जागेत येऊन राहिली. त्या वस्तीचे गांधीनगर झाले. पुढे पंचगंगेचा पूल, रुकडी, इचलकरंजीच्या माणसांना जवळचे पडणारे हातकणंगले, मग जयसिंगपूर आणि मिरज. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आतच. पण या टप्प्यात पॅसेंजरचा डबा जेवढी माणसे पोटात घेतो, तेवढी मोजायला त्या त्या गावचा तलाठी लागेल.

सकाळच्या गाडीने मी कितीतरी वेळा हा प्रवास केला आहे. या गाडीला वर्ग नाही. मिरजेच्या दवाखान्यात निघालेला रोगी, त्याला धरून बसलेली त्याची बायको, भाजीची पाटी, कॉलेजची पोरे, बँकेतले कारकून, सतारीच्या दुरुस्तीसाठी मिरज गाठणारा एखादा गवई, सारे एकाच डब्यात. तिघांच्या बाकावर चौघे बसतात, लहान मूल असले तर साडेचार. नवा माणूस आत आला की तो 'जागा आहे का?' असे विचारत नाही. तो म्हणतो, "सरका की वाईच!" या तीन शब्दांत विनंती किती आणि हुकूम किती, हे कोणत्याही व्याकरणकाराला सांगता येणार नाही. बाकावरची माणसे तोंड वाकडे करतात आणि सरकतात. पाच मिनिटांनी सरकणारा आणि सरकवणारा ऊसदरावर बोलू लागलेले असतात.

म्हणून आमच्याकडचा माणूस महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबईत उतरतो आणि लोकलच्या पहिल्या वर्गात पाय ठेवतो, तेव्हा तो परक्या मुलखात आल्यासारखा बावरतो. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: लोकलच्या लांबलचक गाडीत पहिल्या वर्गाचे डबे मोजके असतात, बाहेर तिरप्या पट्ट्यांची खूण असते आणि तिकीट दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट असते. २०२२ च्या मे महिन्यात एकेरी तिकिटाचा दर निम्मा केला, तरी फरक मोठाच राहिला. एवढे पैसे मोजून काय मिळते? गादी थोडी मऊ मिळते, शेजारी इस्त्रीचा शर्ट मिळतो. बसायला जागा मिळेलच असे मात्र मुळीच नाही. गर्दीच्या वेळी पहिल्या वर्गातले निम्म्याहून अधिक लोक उभेच असतात.

आणि इथे मोठी मौज आहे. दुसऱ्या वर्गात तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्याला 'चौथी सीट' असे नावच आहे. बाकाच्या टोकाला एका मांडीवर तोललेला तो चौथा माणूस हा मुंबईच्या दयाबुद्धीचा जिवंत पुरावा होय. पहिल्या वर्गात बहुधा हा रिवाज नाही. तिथे तिघे म्हणजे तिघेच. म्हणजे जास्त पैसे भरून माणसाने चौथ्या सीटचा हक्क तेवढा गमावलेला असतो!

काही वर्षांपूर्वी पेपर तपासण्याच्या कामासाठी मला मुंबईस जावे लागले होते. माझ्याच डब्यात एक म्हातारे गृहस्थ चढले. डोक्याला पटका, अंगात बंडी, पायांत करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणा. दाराशी उभ्या असलेल्या एका सद्‌गृहस्थांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "आजोबा, हा फर्स्ट क्लास आहे."

"व्हय," आजोबा म्हणाले. बंडीच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढून त्यांनी समोर धरला. "पोरानं काढून दिलंय. म्हनला, गर्दीत चेंगराल."

डब्यात आणखी वीस-पंचवीस माणसे उभी होती. त्यांच्यापैकी कुणाला तिकीट विचारावे असे त्या गृहस्थांना वाटले नव्हते. पहिल्या वर्गाचा खरा तिकीट तपासनीस रेल्वे नेमत नाही. तो प्रवाशांतच उभा असतो आणि तिकिटाऐवजी कपडे तपासतो.

आजोबांनी रागाचा शब्द काढला नाही. माझ्याकडे वळून त्यांनी गाव विचारले. कोल्हापूर म्हणताच त्यांचा चेहरा खुलला. "मग हिकडलंच की! आमी कागलचं." दादरला बाकावरचे एक गृहस्थ उतरले आणि त्या जागी आजोबा बसले. बसल्याबरोबर त्यांनी शेजारच्याला कोपर लावले आणि मला म्हणाले, "या मास्तर, टेका हितं."

खिडकीजवळचे गृहस्थ वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले, "इथे चौथा बसत नाहीत."

"कुठं लिवलंय?"

डबाभर माणसे खरोखरच भिंतीकडे पाहू लागली. अशुद्ध मराठीत लिहिलेल्या सूचना पुष्कळ होत्या, पण ही नव्हती. बाक सरकला. मी बसलो. पुढच्या दोन स्टेशनांत समोरच्या बाकावरही एक चौथा बसला.

परत आल्यावर मी रेल्वेचा १९८९ चा कायदा काढून पाहिला. पहिल्या वर्गाचे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा. ५१ वे कलम सांगते, की तिकीट हे जागा उपलब्ध असल्यास या अटीवरच दिलेले समजावे. आपल्या वर्गात जागा नाही म्हणून खालच्या वर्गातून प्रवास करावा लागला, तर भाड्यातला फरक परत मागता येतो. म्हणजे आपण जे विकत घेतो ते आसन नसून आशा असते. ५७ वे कलम म्हणते, की प्रत्येक डब्यात किती माणसे बसवायची तो आकडा ठरवून ठळकपणे लिहावा. आणि १५५ वे कलम असे, की जो डबा आपल्यासाठी राखून ठेवलेला नाही त्यात रीतसर येणाऱ्या दुसऱ्या प्रवाशाला अडवले, तर २०० रुपयांपर्यंत दंड. दाराशी उभे राहून "हा फर्स्ट क्लास आहे" म्हणणाऱ्या मंडळींच्या कानांवर हे कलम घालायला हवे.

वर्गाची ही पाटी काही अमर नाही. इंग्रजी अमदानीत पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा असे चार वर्ग होते. तिसऱ्या वर्गात माणसे कशी कोंबली जातात याविषयी गांधीजींनी १९१७ साली जाहीरपणे लिहिले. १९५५ साली जुना पहिला वर्ग मोडीत निघाला, दुसरा पहिला झाला आणि इंटर दुसरा. १९७४ साली तिसरा वर्गही नावापुरता नाहीसा झाला. गर्दी मात्र होती तिथेच राहिली. पाटी तेवढी बदलली. तरी एका गोष्टीचे श्रेय आगगाडीला दिलेच पाहिजे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला ती धावू लागली तेव्हापासून तिने माणसांची वाटणी खिशावरून केली, जातीवरून नव्हे. ज्यांची सावली टाळली जात होती त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणे त्या काळच्या सोवळ्या मंडळींना भाग पडले. सरकण्याची सवय आपल्या समाजाला लागली असेल, तर तिचा पहिला धडा बाकावर गिरवला गेला आहे.

हे सारे गमतीने लिहिले, तरी विषय गमतीचा नाही. गर्दीच्या लोकलमध्ये एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असतात, हा हिशेब रेल्वेच्याच परिभाषेतला आहे. घरातला देव्हारा त्याहून फार लहान नसतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींशेजारून जात असताना दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. ती माणसे हौसेने दारात उभी नव्हती. यानंतर दारे आपोआप बंद होणाऱ्या लोकल आणण्याचे जाहीर झाले. त्या याव्यात, गाड्याही वाढाव्यात. ते काम सरकारचे आहे आणि आपण ते मागत राहिले पाहिजे. पण दारातल्या माणसाला दोन पावले आत घेणे हे त्या दिवशी, त्या घटकेला, आतल्या माणसांच्याच हाती असते. तिथे बाक सरकला नाही, तर कुणाचा तरी पाय पायरीवरून सुटतो.

आमच्या कोल्हापुरातही सारे काही गोड आहे असे नाही. रोजच्या पासवाल्यांचे कंपू इथेही होऊ लागले आहेत. चार रुमालांनी चार बाके धरली जातात आणि रुकडीला पाटी घेऊन चढलेली म्हातारी दाराशी उकिडवी बसते. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्हापूर–पुणे वंदे भारत सुरू झाली. तिच्यात प्रत्येकाची खुर्ची वेगळी, खुर्चीला आकडा. प्रवास सुखाचा होतो, यात शंका नाही. मी तो केला आहे. पण वाटेत शेजाऱ्याचे गाव कोणते ते मला कळले नाही आणि त्यालाही माझे कळले नाही. सरकायचे कारणच नव्हते.

दिवाळीच्या सुटीत हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण गाडीतच असतील. कुणी माहेरी निघाले असेल, कुणी गावच्या घरी. डबा भरलेला असेल, फराळाचे डबे मांडीवर असतील आणि दाराशी कुणीतरी एक पाय आत टाकून, कुठे फट दिसते का ते पाहत असेल. त्याचे तिकीट कोणत्या वर्गाचे आहे ते तिकीट तपासनिसाला पाहू द्या. आपण हा अंक घडी करून जरा पलीकडे सरकावे. वाचायचे काय, पुढच्या स्टेशनावरही वाचता येते.