वाटेतली दुरुस्ती

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत मुलाकडे गेलो होतो. त्याने आठ दिवसांच्या सहलीसाठी एक मोटारहोम भाड्याने घेतले. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. पुढे चालकाची जागा, मागे ओटा, शेगडी, फ्रीज, न्हाणी आणि निजायची सोय. आमच्या सौ.ला हा बेत विशेष पसंत पडला. स्वतःची भांडी, पाणी गाळायला स्वतःचे फडके आणि दिवस मावळण्याआधी हातचे गरम जेवण! परक्या मुलखात प्रत्येक ताटापुढे ‘यात काय काय घातले आहे?’ असे विचारत बसण्याचा तिला फार संकोच वाटे.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेकडून 395 क्रमांकाचा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो. तिसऱ्या दिवशी आम्ही मोनो नावाचे खारे सरोवर पाहिले आणि मोठा घाट उतरून बिशप या छोट्या गावाजवळच्या तळावर दुपारी चारच्या सुमारास मुक्काम केला. पश्चिमेला सिएराची बर्फाची शिखरे, पूर्वेला उघडे तांबूस डोंगर आणि मध्ये कोरडे खोरे. तळावर विजेची जोडणी नव्हती.

सौ.ने नळ सोडला, तर पाणी येईना. दिवे मंद होऊन विझले. फ्रीजवरचा हिरवा ठिपका गेला आणि गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र मिनिटामिनिटाला टिवटिवू लागले. इंजिन मात्र उत्तम चालत होते. अशा वाहनात इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी असते, हे आम्हाला तेव्हा कळले. फ्रीज गॅसवर चालत असला, तरी त्याचे नियंत्रण विजेवरच असते. घराची वीज गेली, की पाण्याचा पंप आणि फ्रीज दोन्ही थांबतात.

मुलाने भाड्याच्या कंपनीला दूरध्वनी केला. पाऊण तास नुसते संगीत ऐकल्यावर उत्तर मिळाले, की त्यांच्या ठरलेल्या दुरुस्तीच्या ठिकाणी चार दिवसांनंतरची वेळ मिळेल. मी संतापलो. “माल ताब्यात घेताना पारखून घ्यायचा असतो, एवढंही दुकानदाराच्या पोराला कळू नये?” असे सूनबाई आणि नातवंडांसमोर बोलून गेलो. तो काही बोलला नाही. फ्रीजमधले दूध आणि भाज्या बाहेर काढून बर्फाच्या पेटीत ठेवू लागला.

सौ.ने मात्र वेळ दवडला नाही. शेगडीला वीज लागत नव्हती. तिने खिडक्या उघडल्या, काडीने बर्नर पेटवला आणि बाटल्यांतले पाणी गाळून मुगाची खिचडी टाकली. पंचांगाप्रमाणे सूर्यास्त आठनंतर होता. पण त्या खोऱ्यात सूर्य तासभर आधीच डोंगराआड जातो. मुलगा म्हणाला, “आई, अजून अवकाश आहे.” ती म्हणाली, “मला दिसेनासा झाला, की माझ्यापुरता मावळला.” साडेसहाला आमची पाने मांडली गेली.

शेजारच्या गाडीतील एका वृद्ध बाईंनी एका फिरत्या कारागिराचा क्रमांक दिला होता. आम्ही जेवत असतानाच तो आला. साठीचा गृहस्थ, जुनी व्हॅन. येण्याचे आणि पहिल्या तासाचे मिळून 180 डॉलर होतील, हे त्याने गाडीला हात लावण्यापूर्वीच सांगितले. मी मनात त्याचे रुपये केले आणि मुलाच्या कानात म्हणालो, “आता बघ, हा दोन नव्या बॅटऱ्या गळ्यात मारणार.” व्हॅनच्या उघड्या दारातून त्या बॅटऱ्या मला दिसतच होत्या.

पायरीखालची बॅटरीची पेटी उघडून त्याने मीटर लावला आणि आकडा मला दाखवला: 12.5 व्होल्ट. मग आतल्या फ्यूजच्या फळीपाशी मोजले, तिथे जेमतेम 9. तो म्हणाला, “बॅटरी चांगली आहे. वीज वाटेत अडकते आहे.” गाडीखाली निजून त्याने दोष शोधला. बॅटरीची ऋण तार सांगाड्याला ज्या बोल्टने जोडलेली असते, तो गंजून सैल झाला होता. त्याने गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, तारेचे टोक कापून नवे बसवले, बोल्ट बदलला. पंप घरघरला आणि नळाला पाणी आले. एकूण चाळीस मिनिटे लागली.

मला राहवले नाही. मुलाकरवी विचारले, की बॅटऱ्या बदला असे तुम्ही म्हटले असते, तर आम्ही मुकाट्याने बदलल्या असत्या; का म्हटले नाही? त्याला प्रश्नच नीट कळेना. शेवटी म्हणाला, “पण तुम्हाला त्यांची गरज नव्हती.” सांगितले तेवढेच पैसे घेऊन तो गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सांगलीत आमचे ताडपत्री, दोरखंड आणि सुतळीचे दुकान. 2005 च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला. पाणी चढू लागले तेव्हा सांगलवाडीचे एक जुने गिऱ्हाईक धावत आले. त्यांना चार ताडपत्र्या हव्या होत्या. 600 ची ताडपत्री मी त्यांना 900 ला दिली. त्यांनी घासाघीस केली नाही, माझ्याकडे एकदा पाहिले आणि पैसे मोजले. नंतर ते दुकानाची पायरी चढले नाहीत. ‘मागणी वाढली की भाव वाढतो’ हे उत्तर मी स्वतःला इतकी वर्षे देत आलो होतो. वाळवंटात अडलेला गिऱ्हाईक मी झालो, तेव्हा ते उत्तर मला पुरले नाही.

पहाटे मुलगा चहा घेऊन बाहेर आला. मी त्याला ही हकीकत सांगितली. ती आजवर कोणालाच सांगितली नव्हती. संध्याकाळच्या बोलण्याबद्दल क्षमाही मागितली. तो हसून म्हणाला, “अण्णा, गाडीखाली वाकून बोल्ट मीही तपासला नव्हता.”

अशा प्रवासाला जाणाऱ्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गाडी ताब्यात घेताना पंप, दिवे आणि फ्रीज विजेच्या जोडणीशिवाय निदान अर्धा तास चालवून पाहावेत. दोन दिवस पुरेल एवढे पाणी बाटल्यांत आणि कोरडी भाकरी-चटणी डब्यात वेगळी ठेवावी. वाटेतल्या गावांतील फिरत्या कारागिरांचे क्रमांक आधीच टिपून घ्यावेत आणि कामाआधी मजुरी विचारावी.

परत आल्यावर मी सांगलवाडीला गेलो. ते गृहस्थ आता थकले आहेत. मी 1200 रुपये पुढे केले. “चार ताडपत्र्या, तीनशे-तीनशे जादा,” ते लगेच म्हणाले. आकडा त्यांना माझ्याइतकाच पाठ होता. पैसे त्यांनी घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. मग सुनेला हाक मारून म्हणाले, “शेटजींना चहा टाक.”